सकाळी स्टार्ट करताच गाडी का थरथरते? दोष कसा ओळखाल, दुरुस्ती काय कराल

रात्रभर न्हावा शेवाजवळ उघड्यावर उभी असलेली पेट्रोल कार सकाळी सुरू केली जाते. स्टार्टर फिरतो, इंजिन सुरू होते, पण आवाज एकसारखा येत नाही. स्टिअरिंग थरथरते, आरपीएमचा काटा खाली-वर होतो, इंजिन आता बंद पडेल असे वाटते. दोन मिनिटांनी सगळे शांत होते. गाडी निघते आणि संध्याकाळपर्यंत तिचा विसरही पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

गॅरेजच्या भाषेत याला 'गाडी मिसिंग करते' किंवा 'आयडलिंग खराब आहे' म्हणतात. अनेकदा अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग एखादा सेन्सर. बिल वाढत जाते आणि थरथर तशीच राहते. खरे तर गाडी नेमकी कधी थरथरते आणि कधी थांबते हे नीट पाहिले, तर कारणांची लांब यादी दोन-तीनवर येते. ते कसे पाहायचे, घरी काय तपासायचे आणि गाडी कधी अजिबात चालवायची नाही, ते समजून घेऊ.

आयडलिंग म्हणजे काय?

अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने फिरते ते आयडलिंग. गरम झालेल्या पेट्रोल इंजिनात हा वेग साधारण ७०० ते ९०० आरपीएम असतो. या वेळी थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते आणि इंजिनात अगदी थोडी हवा व थोडे पेट्रोल जाते. त्यामुळे छोटी चूकही लगेच जाणवते. हीच चूक रस्त्यावर २,५०० आरपीएमला लपून जाते.

८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे ६ ते ७ वेळा ठिणगी पडून इंधन पेटते. चारपैकी एका सिलिंडरमध्ये ते नीट पेटले नाही, तर सेकंदाला तितकेच झटके बसतात. आपल्याला जाणवणारी थरथर ती हीच. तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्या मुळातच थोड्या जास्त हलतात. म्हणून तुलना शेजारच्या गाडीशी नको, आपल्याच गाडीच्या आधीच्या वागण्याशी करावी.

पहिल्या मिनिटात किती थरथर सामान्य?

थंड इंजिन सुरू होताच गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, मुद्दाम आरपीएम वाढवतो. काटा १,००० ते १,५०० दरम्यान जातो, आवाज थोडा जड येतो आणि एक-दोन मिनिटांत काटा हळूहळू खाली येतो. सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर गरम व्हावा, हा यामागचा हेतू असतो. हे सामान्य आहे.

काटा वर-खाली नाचणे, आरपीएम ६०० च्याही खाली जाणे, इंजिन बंद पडणे, पेट्रोलचा उग्र वास येणे किंवा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागणे हे सामान्य नाही.

दोन मिनिटांनी गाडी शांत झाली, म्हणजे दोष गेला का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. सायलेन्सरच्या मार्गातला ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. तोपर्यंत ईसीयू ठरलेल्या गणिताने इंधन देतो आणि इंधन कमी पडते की जास्त होते, हे त्याला कळत नाही. सेन्सर गरम झाला की ईसीयू चूक ओळखतो आणि इंधन कमी-जास्त करून ती भरून काढतो.

म्हणजे सकाळची दोन मिनिटे हीच अशी वेळ, जेव्हा दोष उघडा दिसतो. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की तो झाकला जातो. 'मेकॅनिकसमोर गाडी अगदी नीट चालते' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

न्हावा शेवाच्या हवेचा काय संबंध?

रायगड जिल्ह्यात, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर न्हावा आणि शेवा ही गावे आहेत. १९८९ मध्ये इथे बंदर सुरू झाले आणि आज ते जवाहरलाल नेहरू बंदर म्हणून ओळखले जाते. भोवती खाडी, मिठागरे, कंटेनर यार्ड आणि ट्रेलरची अखंड वाहतूक. इथल्या गाड्यांवर चार गोष्टींचा परिणाम होऊ शकतो.

खारी, दमट हवा: बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर आणि वायरिंगचे कनेक्टर यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. विजेचा प्रवाह अडखळतो. इग्निशन कॉइलच्या रबरी नळीला तडा असेल, तर ओलाव्यामुळे ठिणगी प्लगऐवजी बाहेरच निसटते. ऊन वाढले, ओलावा सुकला की गाडी नीट चालते.

धूळ: अवजड वाहनांच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर तुंबतो. पुस्तिकेत दिलेली मुदत अशा ठिकाणी कमी धरावी.

छोटे फेरे: १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची लोकल सुरू झाली आणि मार्गावर न्हावा शेवा स्थानकही आले. गाडी फक्त घर ते स्टेशन एवढीच चालत असेल, तर इंजिन पुरते गरम होत नाही. प्लगवर आणि थ्रॉटलवर काजळी साठते, बॅटरीही पूर्ण चार्ज होत नाही.

उंदीर: पावसाळ्यात कोरडी जागा शोधत उंदीर-घुशी बॉनेटखाली शिरतात आणि वायर किंवा रबरी पाइप कुरतडतात. बॉनेट उघडल्यावर लेंड्या, चिंध्या, पालापाचोळा दिसला, तर आधी वायरिंग तपासावे.

थरथर कधी होते? त्यावरून संशय कुठे?

- फक्त थंड असताना, दोन मिनिटांत थांबते: कूलंट टेम्परेचर सेन्सर, व्हॅक्यूम पाइपची गळती, थ्रॉटलवरची काजळी किंवा रात्रीत उतरलेला इंधनाचा दाब.
- फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर: इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी, ओले कनेक्टर.
- थंड असतानाही आणि गरम झाल्यावरही: प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन.
- एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर: थ्रॉटल घाण झालेला, बॅटरी किंवा अल्टरनेटर कमजोर.
- आरपीएमचा काटा स्थिर, पण केबिन हलते: इंजिनात दोष नसून इंजिनचे माउंटिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले फाउंडेशन, बसलेले असू शकते.
- सुरुवातीला थरथर, सोबत पांढरा दाट धूर आणि कूलंट कमी होत जाणे: हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता. यात उशीर महागात पडतो.
- बॅटरी नुकतीच बदलली किंवा काढून बसवली: ईसीयूची शिकलेली माहिती पुसली गेली असेल. अनेक गाड्या थोड्या वापरानंतर आपोआप सुधारतात.

घरच्या घरी काय तपासाल?

ही तपासणी उघड्या जागेतच करावी. बंद गॅरेजमध्ये किंवा कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो. गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. सैल ओढणी, सैल बाह्या पंख्यापासून व बेल्टपासून दूर ठेवाव्यात.

१. व्हिडिओ काढा. रात्रभर उभ्या गाडीची सुरुवातीची दोन मिनिटे मोबाइलवर रेकॉर्ड करा. आरपीएमचा काटा दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे. मेकॅनिकसाठी हा सर्वात उपयोगी पुरावा.

२. बॅटरी पाहा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७ दिसतात. टर्मिनलवर थर असेल तर इंजिन बंद करून, आधी निगेटिव्ह टोक काढून साफ करा.

३. एअर फिल्टर उघडा. बहुतेक गाड्यांत चार-पाच क्लिप उघडल्या की तो हातात येतो. उजेडासमोर धरल्यावर उजेड आरपार दिसत नसेल, तर बदला. झाकण परत बसवताना नीट बंद झाले आहे ना, तेही पाहा.

४. 'स्स्स' आवाज ऐका. थंड इंजिन चालू असताना थ्रॉटल आणि इनटेकच्या रबरी पाइपजवळून हवा ओढल्याचा आवाज येतो का? पाइपला चीर किंवा सुटलेला जोड असेल, तर सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप विसरू नका. तो फुटला तर ब्रेकही जड होतो.

५. चावीची चाचणी करा. चावी 'ऑन'वर आणा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असे दोनदा केल्यावर गाडी सुरू करा. दर वेळी बहुतेक गाड्यांचा पेट्रोल पंप क्षणभर चालून पाइपमध्ये दाब भरतो. असे केल्यावर गाडी नेहमीपेक्षा सुरळीत सुरू झाली, तर रात्रीत दाब उतरतो आहे. संशय पंपाच्या व्हॉल्व्हवर किंवा गळणाऱ्या इंजेक्टरवर घ्यावा.

६. कूलंटची पातळी पाहा. फक्त थंड इंजिनावर, बाहेरच्या टाकीवरच्या खुणांमधून. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

७. पीयूसीचा कागद काढा. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. गाडी पास झाली तरी मागच्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यांची तुलना करा. हायड्रोकार्बन वाढले असेल तर इंधन न पेटता बाहेर पडते आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर इंधन गरजेपेक्षा जास्त जाते आहे.

स्कॅनर काय सांगतो?

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवरही कोड वाचता येतात. 'पी०३००' म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. 'पी०३०१' ते 'पी०३०४' म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. 'पी०१७१' म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. हवेची गळती किंवा इंधनाचा कमी दाब ही त्याची नेहमीची कारणे.

कोड नसला तरी दोन आकडे पाहावेत. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू करण्याआधी कूलंटचे तापमान आणि इनटेक हवेचे तापमान जवळपास सारखे हवे. हवा २७ अंश आणि कूलंट ६० अंश दिसत असेल, तर कूलंट सेन्सर चुकीची माहिती देतो आहे. थंड इंजिनाला गरम समजून ईसीयू इंधन कमी देतो आणि गाडी थरथरते. दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिम. तो शून्याच्या आसपास असावा. सतत अधिक १० टक्क्यांच्या वर राहिला, तर ईसीयू रोज कसली तरी उणीव भरून काढतो आहे. वर सांगितलेला झाकलेला दोष इथे आकड्यात सापडतो.

कोड म्हणजे पार्ट बदलण्याचा आदेश नव्हे. 'पी०३०२' मध्ये दुसरा सिलिंडर कळतो, पण दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा हे कळत नाही. त्यासाठी साधी युक्ती आहे: इंजिन थंड आणि बंद असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची, कोड पुसून गाडी पुन्हा सुरू करायची. कोड 'पी०३०३' झाला तर कॉइल खराब. 'पी०३०२'च राहिला तर कॉइल ठीक, आता प्लगची अदलाबदल करून पाहायची. चालू इंजिनाची कॉइल मात्र कधीही उपसू नये. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

दुरुस्ती कशी होते?

प्लग: साधे निकेलचे प्लग सर्वसाधारणपणे २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे त्याहून बरेच जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. काढलेल्या प्लगचा रंग पाहण्यासारखा असतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते आहे. चारपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर कूलंट आत जात असल्याची शंका घ्यावी.

थ्रॉटल बॉडी: झडपेच्या कडेला काजळी जमली की आयडलिंगची हवा अडते. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने ती साफ होते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये, आतले गिअर बिघडू शकतात. सफाईनंतर अनेक गाड्यांत स्कॅनरने 'आयडल रिलर्निंग' करावे लागते. ते न केल्यास आरपीएम आधीपेक्षा जास्त चढलेले राहते आणि सफाईनेच गाडी बिघडली असे वाटते.

हवेची गळती: कानाने सापडली नाही तर गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून तपासतात. चिरेतून धूर बाहेर येतो. अनेकदा दोष एका स्वस्त रबरी पाइपचा निघतो. म्हणूनच महागडे सेन्सर बदलण्याआधी ही चाचणी करून घ्यावी.

इंजेक्टर आणि इंधनाचा दाब: गेज लावून दाब मोजला जातो आणि इंजिन बंद केल्यावर तो किती वेळ टिकतो ते पाहतात. दाब न मोजता पंप बदलायला तयार होऊ नये.

पेट्रोल: आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते आणि थंड इंजिनात पेट्रोलपेक्षा अवघड पेटते. रोजच्या वापरात यामुळे अडचण येईलच असे नाही. पण टाकीत तळाशी थोडे पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, तर ताजे पेट्रोल भरून फरक पाहावा.

सीएनजी आणि डिझेल गाड्यांचे काय?

बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे गरम झाल्यावर गॅसवर जातात. त्यामुळे निदान सोपे होते. पेट्रोलवर थरथरते आणि गॅसवर शांत होते, तर टाकीतले जुने पेट्रोल किंवा पेट्रोलचे इंजेक्टर तपासा. वर्षभर गॅसवरच धावणाऱ्या गाड्यांत हे इंजेक्टर वापराअभावी चिकटतात. उलट पेट्रोलवर शांत आणि गॅसवर गेल्यावर थरथर असेल, तर गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर आणि प्लग पाहा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून झिजलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. तिथे हीटर प्लग, इंजेक्टर, डिझेल फिल्टरमधले पाणी आणि काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह तपासतात. डॅशबोर्डवरचा पिवळा कॉइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारू नये.

गाडी कधी चालवू नये?

इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर बाजूला घेऊन बंद करावी. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो प्रचंड तापून आतून वितळू शकतो. एका कॉइलचा खर्च टाळताना त्याच्या कितीतरी पट महागडा कन्व्हर्टर हातचा जातो.

सुरू होताना दोन-तीनदा बंद पडणारी गाडी घेऊन लांब निघू नये. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही घट्ट होतो. बंदराच्या रस्त्यावर मागे कंटेनरचा ट्रेलर असताना हे परवडणारे नाही. शिवडी ते न्हावा शेवा जोडणाऱ्या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूवर कारसाठी ताशी १०० किलोमीटरपर्यंत वेग आहे आणि मधे थांबायला बंदी आहे. थरथर तपासायची ती सेतूवर चढण्याआधी. पेट्रोलचा वास बॉनेटखालून येत असेल, तर गाडी सुरूच करू नये.

मेकॅनिकला काय सांगाल?

'गाडी मिसिंग करते' एवढेच सांगितले की अंदाज सुरू होतात. त्याऐवजी पाच गोष्टी सांगाव्यात: थरथर थंड असताना की गरम असताना, किती वेळ टिकते, पावसाशी संबंध आहे का, पेट्रोलवर की गॅसवर, आणि अलीकडे काय बदलले किंवा दुरुस्त केले. व्हिडिओ दाखवावा. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिकलाच मारायला सांगावा.

पार्ट बदलायचा म्हटले, तर 'कोणत्या चाचणीत हा पार्ट खराब निघाला?' हा प्रश्न विचारावा. चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही. तो कोड, दाबाचा आकडा किंवा काढलेला प्लग दाखवतो. जुना पार्ट परत मागून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच दोन मिनिटे रेकॉर्ड करावीत. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले की दुरुस्ती झाली की नाही, हे बिलावरून ठरवावे लागत नाही.